बाही दोन इंच जास्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

हात चालावा म्हणून लिहितो आहे. लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, रोज अर्धं पान. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज एवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल चार ओळींत मनगट दुखलं, म्हणून आज जास्त लिहून त्याच्यावर सूड उगवतो.

मी शिंपी. पुरुषांचे कपडे. लोक मास्तर म्हणतात. वय सहासष्ट. दोन महिन्यांपूर्वी एक पँट बेतताना उजवा हात अचानक परका झाला आणि कात्री खाली पडली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, हात हळूहळू येईल. हळूहळू म्हणजे किती, हे माप कुणी देत नाही. तेव्हापासून दुकानाचं शटर खाली आहे. वरच्या दोन खोल्यांत मी आणि वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आता शहात्तरची. आईवडील मला आठवत नाहीत. मला सांभाळलं दादानं, आणि मी अकरा वर्षांचा असताना तापानं दादा गेला तेव्हा वहिनीनं. ती एकवीस वर्षांची होती. माहेरचे न्यायला आले होते, ही गेली नाही. काज-बटण करून तिनं दुकान चालवलं आणि मला मशीनवर बसवलं. मी लग्न केलं नाही. राहून गेलं. ती अजून मला 'धाकट्या' म्हणते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. पुरे, मनगट हरलं.

९ फेब्रुवारी, रविवार

व्यायामवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला आहे. त्याला सायकलच्या टायरचा वास येतो. मी खिडकीत ठेवून दिला.

दुपारी नोंदवाल्या बाई आल्या होत्या. पलीकडच्या रस्त्यावर नोंदघर आहे, तिथल्या त्या सर्वेसर्वा. छाती छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, आयुष्यभर जाड वह्या उचलून. नोंदघरात प्रत्येक घराण्याचं एक पान असतं. कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं, कोण कधी गेलं. गेल्या हिवाळ्यात तळघरात पाण्याचा पाइप फुटला आणि दोन खोल्या भरून पानांचा लगदा झाला. आता वरच्या मजल्यावर बायका जमून मोठी गोधडी शिवताहेत. तिकिटं विकून तिची सोडत काढायची आणि त्या पैशातून उंच पायांची लोखंडी कपाटं घ्यायची. त्यासाठी कापडाचे जुने तुकडे हवेत. शिंप्याकडे नाही तर कुणाकडे मागायचे?

वहिनीनं विचारलं, "आमच्या घराचं पान?"

"भिजलेल्या खोलीतच होतं, मावशी."

वहिनी चष्मा पुसत बसली. मोतीबिंदूमुळे पुसून तसा उपयोग नसतो. मग म्हणाली, "नवं करता येतं का?"

"येतं. काहीतरी लेखी लागतं. नाहीतर त्या माणसाची एखादी वस्तू, आणि ती ओळखणारं कुणीतरी."

दादाचा फोटो नाही, सहीचा कागद नाही. पंचविसाला वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्यात. ती म्हणते, त्याच्या आधी पान झालं पाहिजे. डोळ्याच्या ऑपरेशनला कुणी मरत नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला. तू डॉक्टर आहेस का?"

बाई गेल्यावर मी म्हटलं, "दादाचं नाव कागदावर नसलं म्हणून काय तो नव्हता का?"

"त्यांच्या एकट्याच्या नावासाठी नाही रे," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. म्हाताऱ्या माणसांना एकेक गोष्ट धरून बसायची सवय असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हाताला खरं काम मिळालं. दुकानाच्या माळ्यावरून सगळ्या माप-वह्या खाली काढवल्या. एकेचाळीस.

हे दादाचं शास्त्र. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की त्याच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा कापून त्याच पानावर टाचणीनं लावायचा. इतर शिंपी बोटभर चिंधी लावतात, कापडं एकमेकांत मिसळू नयेत एवढ्यापुरती. दादा म्हणायचा, तळहाताएवढा ठेव, उद्या कोपर फाटलं तर ठिगळाला त्याच थानातलं कापड नको का? मीही जन्मभर तेच केलं. म्हणजे माझ्या माळ्यावर अर्ध्या गावाच्या अंगावरचं कापड पडून आहे, आणि त्या बायका दारोदार तुकडे मागत फिरताहेत!

वहीमागून वही उघडून टाचण्या काढतो आहे. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झालं. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. कसर लागलेले आणि फार जाड तुकडे गोधडीत नकोत, सुई मोडते. ते फेकवेनात. वहिनी म्हणाली, "त्यांचा चेंडू कर की." मी एका खाकी कापडाची गोल पिशवी शिवली, डाव्या हातानं, आणि ते तुकडे आत कोंबले. झकास चेंडू झाला. टायरचा वास नाही. दिवसातून शंभर वेळा दाबतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पिशव्या नेऊन नोंदघराच्या वरच्या मजल्यावर मोठ्या टेबलावर ओतल्या. आठ बायका, आठही एकदम बोलायला लागल्या. त्यांच्या म्होरक्या म्हणजे सिस्टर. तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या, आता निवृत्त. कंबर बेचाळीस, आवाज त्याहून मोठा. म्हणाल्या, "मास्तर, नुसते उभे काय राहताय? बसा, धावदोरा घाला."

"माझा हात..."

"मी हातांचंच बघत आले जन्मभर. बसा."

बसलो. एका ओळीला पाऊण तास. ओळ अशी गेली की जणू पाय घसरलेला माणूस. सिस्टरनी बघितली आणि म्हणाल्या, "गोधडीला लागतं असं एखादं वळण." आजवर माझ्या शिवणीबद्दल इतकं खोटं कुणी बोललं नव्हतं. मला आवडलं.

१ मार्च, शनिवार

हे लिहावं की नाही? लिहितोच.

गोधडीचा निम्मा भाग जोडून झाला होता. नोंदवाल्या बाई बघायला वर आल्या. एका उभ्या रेघांच्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "मास्तर, इतकी जुनी कापडं तुमच्याकडे कुठून?" मी सांगितलं, माप-वह्यांतून. त्या म्हणाल्या, वह्या बघू.

दुकानात येऊन त्यांनी पहिलीच वही उघडली आणि फरशीवर बसल्या. पान उलटून वाचायला लागल्या. "'मधला मुलगा, शाळेचा पहिला दिवस, चड्डीला पट्टा हवा.' 'जावईबापू, नोकरीची मुलाखत.' 'वडील गेले, काळा कोट, परवा सकाळी हवा.'" प्रत्येक पानावर नाव, घर, तारीख. "मास्तर, आमची जी पानं भिजली ना, त्यांतलं अर्धं गाव इथे आहे."

मला अभिमान वाटला. मग त्यांनी पानावरच्या गंजाच्या दोन भोकांवर बोट फिरवलं. "इथे काय होतं?"

"तुकडा. एकेक करून काढले मी. सगळे!"

त्यांनी पुढचं पान उलटलं, तिथेही भोकं. मग अगदी हळू म्हणाल्या, "हा इथे असता तर माणसं स्वतः ओळखायला आली असती. कागद कुणी आणत नाही हो. पण वडिलांच्या कोटाचा तुकडा बघायला कुणीही येईल. तुम्ही कापड नावापासून सोडवलंत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२ मार्च, रविवार

दादानं सुरू केलेलं, मी जन्मभर टाचलेलं, तीन दिवसांत मीच उपटलं. जेवण गेलं नाही. वहिनीनं ताट तसंच झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उसवलंयस ना? मग शिव. शिंपीच आहेस."

८ मार्च, शनिवार

आठवडाभर लिहिलं नाही, कारण हाताला वेळ नव्हता.

गोष्ट अशी, की टाचणी दोन ठिकाणी आरपार जाते. पानावर दोन भोकं, तुकड्यावर दोन. दोन भोकांतलं अंतर दर वेळी वेगळं, कारण घाईत आपण मोजून टाचत नाही. शिवाय तीस-चाळीस वर्षं दाबून राहिल्यावर कापडाचा रंग कागदावर उतरतो. मी वही घेऊन गोधडीशेजारी बसतो आणि जुळवतो. जुळला की सिस्टर तुकड्याच्या कोपऱ्यात दोऱ्यानं वहीचा आणि पानाचा आकडा घालतात. तसाच घराण्याच्या नव्या पानावर.

आणि माणसं यायला लागली आहेत! बाईंचं खरं निघालं. काल सुतार आला. बाही तेवीस, मनगटाला कायम भुसा. म्हणाला, बायकोनं पाठवलं, मला यातलं काही कळत नाही. मी त्याच्या वडिलांचं पान काढलं आणि जुळणाऱ्या तपकिरी तुकड्यावर त्याचा हात ठेवला. तो वाकून तुकड्याचा वास घ्यायला लागला. इतक्या वर्षांनी कसला वास येणार? पण तो म्हणाला, येतो. मग खुर्ची ओढून बसला आणि आजोबा, पणजोबा, दोन आत्या, कोण कुठून आलं, सगळं सांगितलं. नोंदवाल्या बाईंचं पेन थांबेना. जाताना म्हणाला, "कपाटं मी करतो. लाकडाची. सोडत-बिडत काढू नका. ही गोधडी कुणा एकाच्या घरी गेली तर माझे वडील कुठे बघायला जाऊ?"

तर गोधडी आता नोंदघरातच राहणार. माझ्या चुकीला असं अस्तर लागेल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

सगळ्यांत खालची, पुठ्ठा नसलेली वही उघडली. पहिली ओळ दोनदा वाचली. दादाचं अक्षर. माझी समजूत होती की ही वही कधीच रद्दीत गेली; टाचण्या काढताना पानांवरचं अक्षर मी बघितलंच नव्हतं.

अकराव्या पानावर वर नाव नाही, फक्त 'स्वतः'. खाली: 'लग्नाचा कोट. छाती ३६, बाही २४.' त्याखाली: 'उरलेल्या कापडात धाकट्याचा. छाती २४, बाही १७. बाही दोन इंच जास्त ठेवणे, वाढीचा आहे.'

मला तो कोट पुसटसा आठवतो. माझ्या हातावर सारखा घसरायचा. वहिनीला वाचून दाखवलं. तिनं दुसरी ओळ परत वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा.

पान घेऊन नोंदघरात गेलो. बाई म्हणाल्या, नुसतं 'स्वतः' लिहिलंय, नाव नाही. पण तुकडा जुळला आणि मावशींनी तो ओळखला, तर झालं. नियम सगळ्यांना तोच. पानावर भोकं आहेत, टाचणी तिरकी गेलेली. म्हणजे तुकडा होता. मीच काढला.

वहिनीला जिना चढवून नेलं. दुपारभर तिनं गोधडीवरून बोटं फिरवली. शेकडो तुकडे. "निळसर करडा, जाड, आत बारीक उभी रेघ," एवढंच म्हणत होती. मी भोकं मोजत मागोमाग. मधून मधून तिचं बोट थांबायचं, मी वाकून बघायचो, आणि ती मान हलवायची.

नाही मिळाला.

"असू दे," वहिनी म्हणाली. बायका गप्प होत्या. आठही. घरी येऊन ती जेवली नाही. झाकून ठेवायची पाळी आज माझी होती.

२० मार्च, गुरुवार

सगळं पुन्हा तपासलं. पिशव्या उलट्या केल्या, माळा झाडला. वहिनी विचारत नाही, आणि तेच जास्त लागतं. पाच दिवस राहिले.

आणखी एक. वहिनी आणि नोंदवाल्या बाई काहीतरी शिजवताहेत. आज मी आत गेलो तर दोघी गप्प. त्याआधी वहिनीचं एवढंच ऐकू आलं, "माझ्यामागे त्याचं कोण? कुठे तरी लागायला हवा ना तो." म्हणजे मला कुठल्याशा वृद्धाश्रमात टाकायचा बेत दिसतो. व्यायामवाल्या बाईंनी परवा तशा एका जागेची फार तारीफ केली होती. गवत आहे म्हणे तिथे. मी काय गवत खाणार आहे? रागानं चेंडू दोनशे वेळा दाबला.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी राग उरला होता, म्हणून पुन्हा दाबत बसलो. शिवण सुटली. डाव्या हाताची शिवण, किती टिकणार? भोकातून एक टोक बाहेर आलं.

निळसर करडं. आत बारीक उभी रेघ.

जाड होता म्हणून मीच बाजूला काढला होता. महिनाभर मुठीत घेऊन बसलो होतो आणि गाव पालथं घालत होतो. वहिनीला हाक मारली. आवाज असा निघाला की तिला वाटलं मला पुन्हा झटका आला. धावत आली, दारात आपटता आपटता वाचली.

चेंडू उसवायला कात्री घेतली. अर्धा उसवून झाल्यावर लक्षात आलं की कात्री उजव्या हातात आहे. थांबलो नाही. थांबलो असतो तर पडली असती.

वहिनीनं तुकडा हातात घेतला, अंगठ्यानं चोळला, गालाला लावला. डोळे मिटलेले होते. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि मग रडली. दादा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, हे मला आज कळलं. मीही रडलो. लाज कसली, दैनंदिनीच तर आहे.

२२ मार्च, शनिवार

भोकं जुळली, तिरकी टाचणीसुद्धा. नोंदवाल्या बाईंनी नवं कोरं पान काढलं. सिस्टर आणि बाकीच्या सुया ठेवून भोवती उभ्या. दादाचं नाव लिहिलं गेलं, शेजारी वहिनीचं. लग्नाची तारीख. दादा गेला ती तारीख. मला वाटलं, झालं. मी उठायला लागलो.

बाई म्हणाल्या, "मुलं?"

मी म्हटलं, "नाहीत."

"एक," वहिनी म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. "वहिनी, त्या मुलांचं विचारताहेत."

"मला मोतीबिंदू आहे, बहिरी नाही मी. एक. लिहा हो, याचं नाव."

"अगं, मी दीर आहे तुझा."

"ते ह्यांच्या बाजूनं. तिथे 'भाऊ' लिहा, मी कुठे नको म्हणते? माझ्या बाजूला 'मुलगा' लिहा."

बाईंचं पेन वर राहिलं होतं, पण त्या हसत होत्या. म्हणजे महिनाभर हेच शिजत होतं. "नियम सगळ्यांना तोच, मावशी. काहीतरी लेखी."

वहिनीनं वहीचं अकरावं पान पुढे ओढलं. तिला अक्षर दिसत नाही, पण ओळ कुठे आहे ते पाठ होतं. बोट बरोबर 'दोन इंच जास्त'वर ठेवलं. "या बाहीत दोन इंच दुमडलेले होते. पहिला इंच मी सोडला तेव्हा हे होते. दुसरा सोडला तेव्हा नव्हते. पोराचे हात काय कुणासाठी थांबतात? दुसऱ्या इंचाची शिवण माझी एकटीची आहे. याहून लेखी काय आणू?"

सिस्टरनी नाक पुसलं, जोरात.

बाईंनी लिहिलं. मग पान माझ्याकडे फिरवलं आणि सहीची जागा दाखवली. मी पेन डाव्या हातात घेतलं. वहिनी म्हणाली, "उजव्यानं, धाकट्या." तिला दिसलं कसं कोण जाणे.

उजव्यानं केली. वाकडी आली, रेघेच्या बाहेर गेली, पण माझं नाव आहे हे कुणालाही वाचता येईल. तुकडा सिस्टरनी गोधडीच्या कोपऱ्यात लावायला घेतला. मी म्हटलं, "हा मी लावतो." त्या म्हणाल्या, सुई मोडेल. मोडली तर दुसरी आणू, मी म्हटलं.

चार टाके घातलेत. बाकीचे उद्या. वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसून मोजत होती.